नवा व्यवसाय, छोटं बजेट: फ्रीलान्स डिझायनर कसा निवडायचा आणि लोगो नेमका कुणाच्या मालकीचा असतो?

घरी केलेला गोडा मसाला आधी शेजारी, मग नातेवाईक, मग सोसायटीतले लोक मागायला लागतात. महिन्याला पाच-दहा किलो सहज जातो. मग ठरतं, आता याला नाव द्यायचं, पाउच करायचे, दुकानात ठेवायचा. नाव ठरतं आणि पुढचा प्रश्न येतो, "लोगो कोण करून देईल? ओळखीत कुणी आहे का?"

ओळखीतलं कुणीतरी हजार-दीड हजारात दोन दिवसांत लोगो करून देतं. व्हॉट्सॲपवर फोटो येतो, घरात सगळ्यांना आवडतो, पैसे जीपे होतात. काम संपलं, असं वाटतं.

अडचण येते वर्षभरानंतर. मोठ्या दुकानाची ऑर्डर मिळते आणि प्रिंटर म्हणतो, "ओपन फाइल पाठवा." हातात असतो फक्त तो व्हॉट्सॲपचा फोटो, आणि मोठा केला की तो फाटतो. डिझायनरनं नंबर बदललेला असतो. किंवा कॉपीराइटवरून वाद झाल्यावर वकील विचारतात, "लोगोचे हक्क तुमच्या नावावर झाल्याचा कागद आहे का?" तो नसतो.

कमी पैशात चांगलं काम करून घेता येतं. पण त्यासाठी काही गोष्टी पैसे देण्याआधी ठरवाव्या लागतात. त्या कोणत्या, हे मसाल्याच्या छोट्या व्यवसायाच्या उदाहरणातून समजून घेऊया.

सुरुवातीला नेमकं काय काय लागतं?

"ब्रँडिंग करून हवंय" असं सांगितलं की डिझायनरही मोठी यादी देतो: लोगो, व्हिजिटिंग कार्ड, लेटरहेड, वेबसाइट, ब्रोशर, इन्स्टाग्रामच्या ३० पोस्ट. यातल्या बऱ्याच गोष्टींची पहिल्या सहा महिन्यांत गरज नसते.

ग्राहक तुम्हाला कुठे कुठे भेटतो, ते आधी लिहून काढा. मसाल्याच्या बाबतीत तो पाकिटावर भेटतो, व्हॉट्सॲप बिझनेसच्या प्रोफाइल फोटोत भेटतो आणि कदाचित प्रदर्शनातल्या स्टॉलच्या फ्लेक्सवर भेटतो. म्हणजे खरी गरज तीन गोष्टींची आहे: वाचता येईल असा लोगो, पाकिटाचं लेबल आणि फ्लेक्ससाठी त्याच लोगोची मोठी फाइल. लेटरहेडची गरज पडेल तेव्हा पडेल.

लेबलचा निर्णय छपाईशी बांधलेला असतो. दुकानात दिसतात तसे रंगीत छापील पाउच बहुतेकदा ग्रॅव्ह्युअर पद्धतीनं छापले जातात. त्यात प्रत्येक रंगासाठी वेगळा सिलिंडर बनवावा लागतो, त्यामुळे थोडेसे पाउच छापणं परवडत नाही. शिवाय पत्ता किंवा वजन बदललं की सिलिंडरही बदलावा लागतो. म्हणून सुरुवातीला साधे स्टँड-अप पाउच घ्यायचे आणि त्यावर स्टिकर लेबल लावायचं, हा स्वस्त आणि सुरक्षित मार्ग आहे. डिझायनरला हे पहिल्या दिवशी सांगितलं, तर तो स्टिकरला शोभेल असंच डिझाइन करतो. नाहीतर आठ रंगांचं सुंदर पाउच डिझाइन तयार होतं आणि ते छापायला पैसे उरत नाहीत.

लोगोच्या आधी नाव तपासा

डिझायनर शोधण्याआधीचं हे काम फुकट आहे, पण बहुतेक जण ते नंतर करतात. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या सरकारी वेबसाइटवर सार्वजनिक शोधाची सोय आहे. तिथे तुमचं नाव टाकून आधी कुणी ते नोंदवलंय का, हे बघता येतं. नुसतं स्पेलिंग जुळतंय का, एवढंच बघू नका. उच्चार सारखा असलेली नावंही बघा, कारण उच्चारावरूनही हरकत घेतली जाते.

शोध घेताना वर्ग महत्त्वाचा असतो. ट्रेडमार्कसाठी वस्तू आणि सेवांचे ४५ वर्ग आहेत. मसाले ३० व्या वर्गात येतात, लोणची २९ व्या वर्गात. उद्या लोणचंही विकायचं असेल, तर दोन्ही वर्गांत शोध घ्या.

अजून एक गोष्ट. 'कोल्हापुरी मसाला' किंवा 'शुद्ध हळद' अशा नावांवर एकट्याचा हक्क मिळणं अवघड असतं, कारण ती वस्तूचं किंवा गावाचं वर्णन करतात. ते शब्द सगळ्याच व्यापाऱ्यांना वापरायचे असतात. त्यामुळे थोडं वेगळं, स्वतःचं नाव शोधणं फायद्याचं ठरतं.

एका पानाचा ब्रीफ

डिझायनरला काम समजावून सांगणारा कागद म्हणजे ब्रीफ. "काहीतरी मस्त, हटके पाहिजे" हा ब्रीफ नाही. यामुळेच पाच-पाच वेळा बदल होतात आणि दोन्ही बाजू वैतागतात.

एका पानात इतकं लिहा:

- काय विकता आणि कुणाला विकता. 'सगळ्यांना' हे उत्तर नको. 'पुण्यात नोकरीला असलेली, रोज स्वयंपाक करायला वेळ नसलेली मंडळी' हे उत्तर चांगलं.
- २०० ग्रॅमच्या पाकिटाची किंमत किती. त्यावरून पाकीट साधं दिसावं की भारी, हे ठरतं.
- शेजारच्या फळीवर कुणाचा माल असतो. त्या पाकिटांचे फोटो द्या.
- लोगो कुठे कुठे वापरणार, आणि सगळ्यात लहान जागा कोणती.
- नाव देवनागरीत, इंग्रजीत की दोन्हीत.
- नक्की काय नको. उदाहरणार्थ, "नऊवारीतली बाई आणि पाटा-वरवंटा नको, तो सगळ्यांकडे आहे."
- बजेट आणि तारीख.

बजेट सांगायला अनेक जण कचरतात. आकडा सांगितला की समोरचा तेवढेच मागेल, अशी भीती असते. पण आकडा कळला की चांगला डिझायनर "एवढ्यात लोगो आणि एक लेबल होईल, बाकी नंतर करू" असं स्पष्ट सांगतो. आकडा लपवला तर दोघांचाही आठवडा वाया जातो.

डिझायनर शोधायचा कुठे?

बिहान्स, ड्रिबल, लिंक्डइन आणि इन्स्टाग्रामवर डिझायनर आपलं काम टाकतात. अपवर्क आणि फाइव्हर या वेबसाइटवर काम देण्याची आणि पैसे देण्याची सोय आहे. तिथे प्लॅटफॉर्मचं शुल्क वेगळं लागतं, ते हिशेबात धरा.

पण मराठी ब्रँडसाठी जवळचा रस्ताही आहे. मुंबईतलं सर ज. जी. उपयोजित कला महाविद्यालय, पुण्यातलं अभिनव कला महाविद्यालय आणि पणजीतलं गोवा कला महाविद्यालय अशा संस्थांमधून शिकून बाहेर पडलेले अनेक जण सुरुवातीची काही वर्षं फ्रीलान्स कामं करतात. त्यांचा दर अनुभवी स्टुडिओपेक्षा कमी असतो आणि देवनागरी अक्षरांची त्यांना सवय असते.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे चालू व्यवसायांना विचारणं. एखाद्या छोट्या ब्रँडचं पाकीट आवडलं, तर त्यांनाच मेसेज करा. काम कुणी केलं, वेळेत दिलं का, फाइल्स मिळाल्या का, हे ते मोकळेपणानं सांगतात. प्रिंटरलाही विचारा. कोणत्या डिझायनरच्या फाइल्स नीट असतात, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

पोर्टफोलिओ कसा बघायचा?

पोर्टफोलिओत मॉकअप असतात, म्हणजे तयार चित्रावर चिकटवलेलं डिझाइन. कॉफी मग, विमानतळावरचा फलक, महागडी पिशवी, सगळं छान दिसतं. पण त्यातलं खरंच काय छापलं गेलं, हे विचारा. प्रत्यक्ष पाकिटाचा फोटो मागा.

हे प्रश्न विचारता येतात:

- यातलं कोणतं काम खऱ्या ग्राहकासाठी केलं आणि कोणतं सराव म्हणून?
- या लोगोची पहिली कच्ची रेखाटनं दाखवता येतील का?
- टीममध्ये काम केलं असेल, तर त्यात तुमचा भाग कोणता?
- तयार टेम्प्लेट, स्टॉक चित्रं किंवा एआय वापरता का? कुठे?

शंका आली तर पोर्टफोलिओतलं चित्र गुगल लेन्सवर टाकून बघा. तेच चित्र दुसऱ्याच देशातल्या डिझायनरच्या पानावर सापडलं, तर पुढे जाऊ नका.

फुकट सॅम्पल मात्र मागू नका. "आधी दोन लोगो करून दाखव, आवडला तर काम तुला" असं सांगून पाच जणांना कामाला लावणं अन्यायाचं आहे. ज्याच्याकडे कामं आहेत तो याला तयारच होत नाही. खात्री करायचीच असेल, तर एक छोटं काम पैसे देऊन करून घ्या, उदाहरणार्थ प्रदर्शनाचा फ्लेक्स किंवा व्हॉट्सॲपवरचं दरपत्रक. हजार रुपयांत कळतं की समोरचा वेळ पाळतो का आणि सांगितलेलं ऐकतो का.

पैसे किती ठेवायचे?

डिझाइनचा ठरलेला बाजारभाव नसतो. शहर, अनुभव आणि काम यांवर तो बदलतो. पण कोटेशन रास्त आहे का, हे तासांच्या हिशेबानं तपासता येतं.

समजा, एका लोगोसाठी बोलणं दोन तास, बाजारातली पाकिटं बघणं तीन तास, रेखाटनं पाच तास, कॉम्प्युटरवरचं काम सहा तास, बदल तीन तास आणि फाइल्स तयार करणं एक तास. एकूण २० तास. १० हजार रुपये दिले, तर तासाला ५०० रुपये पडतात. त्याच कामाचे १,५०० रुपये दिले, तर तासाला ७५ रुपये. ७५ रुपयांत कुणी २० तास देणार नाही. तो तयार टेम्प्लेट उचलेल, नाव बदलेल आणि अर्ध्या तासात पाठवेल. तसाच लोगो उद्या दुसऱ्या गावातल्या चहाच्या दुकानावरही दिसू शकतो.

आता एकूण २५ हजार रुपये आहेत, असं धरू. त्यांची वाटणी अशी होऊ शकते:

- लोगो: १०,००० रुपये
- स्टिकर लेबल, एकाच साच्यात तीन मसाले: ५,००० रुपये
- ट्रेडमार्क अर्जाचं सरकारी शुल्क: ४,५०० रुपये
- पहिली छपाई आणि नमुना: ३,००० रुपये
- हाताशी राखीव: २,५०० रुपये

यातला ट्रेडमार्कचा आकडा ठरलेला आहे. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जासाठी एका वर्गामागे ४,५०० रुपये लागतात, इतरांना ९,००० रुपये. वकिलाची फी वेगळी. बाकीचे आकडे केवळ उदाहरण म्हणून घेतले आहेत. मुद्दा असा की सगळे पैसे लोगोवर संपवायचे नसतात.

"एकाच साच्यात तीन मसाले" याचा अर्थही समजून घ्या. रचना एकच ठेवायची, फक्त नाव आणि एक रंग बदलायचा. पुढे चौथा मसाला आला तर नवीन डिझाइनचे पैसे लागत नाहीत.

देवनागरीत काम करून घेताना

इंग्रजीत उत्तम काम करणारा डिझायनर देवनागरीत अडखळू शकतो. सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपींसाठीची सेटिंग सुरू नसेल, तर जोडाक्षरं तुटतात आणि वेलांटी भलत्याच जागी जाते. 'चिक्की'चा पाय मोडून 'चिक्‌की' होतं. डिझायनरला मराठी वाचता येत नसेल, तर ही चूक त्याच्या लक्षातही येत नाही.

मराठी आणि हिंदीच्या छपाईत 'ल' आणि 'श' ही अक्षरं वेगळ्या वळणाची असतात. काही फॉन्टमध्ये भाषा मराठी निवडली की मराठी वळण मिळतं, काहींमध्ये ते नसतंच. मराठी ग्राहकाला नेमकं काय खटकतंय हे सांगता येणार नाही, पण पाकीट परकं वाटतं.

फॉन्टचा परवानाही विचारा. इंटरनेटवरून उतरवलेला प्रत्येक फॉन्ट व्यवसायासाठी फुकट नसतो. मुक्त परवान्यावर मिळणारे चांगले देवनागरी फॉन्ट आहेत. मुंबईच्या एक टाइप या समूहानं केलेले बलू आणि मुक्त, इंडियन टाइप फाउंड्रीचे हिंद आणि पॉपिन्स, तसंच नोटो सान्स देवनागरी, हे गुगल फॉन्ट्सवर आहेत आणि व्यवसायासाठी वापरता येतात. फॉन्टवरचा खर्च इथे शून्यावर येतो.

आणि शेवटचं मुद्रितशोधन स्वतः करा. पाच हजार स्टिकर छापून आल्यावर 'हळद'चं 'हळज' झालेलं दिसलं, तर तो खर्च कुणीही परत देत नाही.

लेबलवरचा मजकूर ही कुणाची जबाबदारी?

तुमची. डिझायनर मजकूर मांडतो, पण कायद्यानं उत्तर द्यावं लागतं ते माल विकणाऱ्याला.

खाद्यपदार्थाच्या पाकिटावर साधारणपणे पदार्थाचं नाव, घटकांची यादी, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, उत्पादनाची तारीख, वापरण्याची मुदत, बॅच नंबर, उत्पादकाचं नाव-पत्ता, ग्राहक तक्रारीसाठी संपर्क, एफएसएसएआयचं चिन्ह आणि १४ अंकी नंबर लागतो. शाकाहारी पदार्थासाठी हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका लागतो. ॲलर्जीची सूचना आणि पोषणमूल्यांचा तक्ता तुमच्या पदार्थाला लागू होतो का, हे नोंदणी करतानाच विचारून घ्या.

इथे एक गोष्ट मराठी उद्योजकांच्या हमखास नजरेतून सुटते. अन्नपदार्थांच्या लेबलिंगच्या नियमांनुसार ही सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असावी लागते. मराठी त्यासोबत वापरता येते, पण फक्त मराठीत लिहून चालत नाही. म्हणजे छोट्या स्टिकरवर दोन भाषांची जागा धरावी लागते. हा सगळा मजकूर टाइप करून, तपासून, डिझाइन सुरू होण्याआधी द्या. नंतर दिला की सुंदर मांडणी पुन्हा मोडावी लागते.

पैसे दिले म्हणजे लोगो आपला झाला का?

नाही. निदान आपोआप तरी नाही. सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे.

भारतात कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्यानुसार कलाकृती जो घडवतो, तो तिचा पहिला मालक. पगारावरच्या कर्मचाऱ्यानं नोकरीचा भाग म्हणून काम केलं, तर वेगळा करार नसल्यास मालकी कंपनीची असते. पण फ्रीलान्सर हा कर्मचारी नाही. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोसारख्या काही कामांना कायद्यात अपवाद आहे, तिथे काम सांगणारा मालक ठरतो. लोगो किंवा लेबलच्या बाबतीत मात्र या अपवादावर विसंबून राहू नये.

हक्क तुमच्या नावावर यायला लेखी हस्तांतरण लागतं आणि त्यावर डिझायनरची सही लागते. तोंडी "घ्या, तुमचाच आहे लोगो" याला कायद्यात किंमत नाही.

लेखी कागद केला तरी त्यात काय लिहिलंय, हे महत्त्वाचं. मुदत लिहिली नसेल, तर हस्तांतरण फक्त पाच वर्षांसाठी आहे असं कायदा धरतो. प्रदेश लिहिला नसेल, तर ते फक्त भारतापुरतं धरलं जातं. मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही, तर करारात वेगळं काही लिहिलं नसल्यास तो संपू शकतो. म्हणजे २०२६ मध्ये मुदत न लिहिता केलेला कागद २०३१ मध्ये संपेल, नेमका तेव्हा, जेव्हा ब्रँड लोकांना माहीत झालेला असेल.

त्यामुळे एवढा मजकूर तरी हवा: 'या लोगोचे सर्व कॉपीराइट हक्क, कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी, जगभरासाठी, सर्व माध्यमांतल्या वापरासाठी, अमुक रुपयांच्या मोबदल्यात, पूर्ण रक्कम मिळाल्याच्या तारखेपासून अमुक यांच्या नावे हस्तांतरित करत आहे. एखादा हक्क वर्षभरात वापरला नाही तरी तो रद्द होणार नाही.' सोबत लोगोचं चित्र जोडा आणि दोघांनी सही करा. व्यवहार मोठा असेल, तर वकिलाला दाखवा.

'पूर्ण रक्कम मिळाल्यापासून' हे शब्द डिझायनरच्या हिताचे आहेत. पैसे बुडवले, तर हक्कही जात नाहीत.

कॉपीराइट आणि ट्रेडमार्क यांची गल्लतही होते. कॉपीराइट चित्रावर असतो. ट्रेडमार्क हा व्यापारातल्या ओळखीचं संरक्षण करतो आणि नोंदणी झाली की १० वर्षं टिकतो, पुढे नूतनीकरण करता येतं. नाव वेगळं आणि ठसठशीत असेल, तर आधी नुसत्या शब्दाची नोंदणी करण्याचा विचार करा. पुढे लोगो बदलला तरी नावाचं संरक्षण राहतं. अर्ज केल्यावर 'टीएम' लिहिता येतं, पण गोलातलं 'आर' हे चिन्ह नोंदणी झाल्याशिवाय छापू नका. नोंदणी नसताना तसं दाखवणं कायद्याविरुद्ध आहे.

करारात अजून काय हवं?

दहा पानी करार लागत नाही. एक-दोन पानं पुरतात. त्यात असू द्या:

- काय मिळणार: 'एक लोगो, एक लेबल साचा, तीन प्रकार'.
- किती पर्याय आणि किती वेळा बदल. दोन पर्याय आणि तीन वेळा बदल, त्यापुढे प्रत्येक वेळी ठरलेली रक्कम.
- तारखा. डिझायनरच्या कामाच्या, आणि तुम्ही किती दिवसांत प्रतिक्रिया देणार त्याच्याही.
- पैसे कधी. सुरुवातीला ४० टक्के, डिझाइन पक्कं झाल्यावर ३० टक्के, फाइल्स आणि हस्तांतरणाच्या सहीच्या वेळी ३० टक्के, ही वाटणी सोयीची पडते.
- काम मध्येच थांबलं तर काय. झालेल्या कामाचे पैसे किती आणि त्याचे हक्क कुणाकडे.
- फॉन्ट, चित्रं आणि एआयचा वापर कुठे केला, याची नोंद.
- डिझायनर हे काम पोर्टफोलिओत दाखवू शकतो का, आणि कधीपासून.

व्हॉट्सॲपवर बोलणं झालं तरी शेवटी ठरलेलं सगळं एका ईमेलमध्ये लिहून "बरोबर आहे ना?" असं विचारा आणि उत्तर घ्या. वाद झाला तर आठवणींपेक्षा हे उपयोगी पडतं.

बदल सांगण्याचीही पद्धत असते. "मजा नाही येत" यावर डिझायनर काय करणार? "दुकानात चार फुटांवरून नाव वाचता येत नाही" यावर त्याला काम करता येतं. आणि घरातल्या सहा जणांची मतं आधी आपसात एक करा. निर्णय एकानंच कळवायचा.

कोणत्या फाइल्स मागायच्या?

शेवटचा हप्ता देण्याआधी हे हातात आलं पाहिजे:

- लोगोची मूळ व्हेक्टर फाइल. ती कितीही मोठी केली तरी फाटत नाही. इलस्ट्रेटर किंवा तत्सम सॉफ्टवेअरची मूळ फाइल, सोबत एसव्हीजी आणि पीडीएफ.
- पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामसाठी.
- रंगीत, एकरंगी काळा आणि गडद पार्श्वभूमीवरचा पांढरा, असे तीन प्रकार.
- लेबलची छपाईसाठीची पीडीएफ, सीएमवायके रंगांत आणि कडेला साधारण तीन मिलिमीटर ब्लीडसह. ब्लीड म्हणजे कापताना कड पांढरी राहू नये म्हणून सोडलेला जादा भाग.
- लेबलची बदलता येणारी फाइल, आणि मजकूर आउटलाइन केलेली दुसरी. पहिली पुढच्या बदलांसाठी, दुसरी प्रिंटरसाठी.
- रंगांचे कोड आणि फॉन्टची नावं लिहिलेलं एक पान.

फाइल्स आल्या की त्या दिवशीच प्रिंटरकडे पाठवून एक नमुना छापून घ्या. मोबाइलवर दिसणारा लाल रंग कागदावर मातकट येऊ शकतो. मग फाइल्स दोन ठिकाणी जपून ठेवा, एक ईमेलवर आणि एक पेन ड्राइव्हवर.

जीएसटी, टीडीएस आणि उशिरा दिलेले पैसे

सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल, तर महाराष्ट्रात साधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नसते. त्यामुळे अनेक फ्रीलान्सरकडे जीएसटी नंबर नसतो आणि त्यात गैर काही नाही. मात्र नंबर नसताना बिलात जीएसटी लावला असेल, तर ते चूक आहे. साधं बिल मात्र घ्याच. नाव, पत्ता, पॅन, कामाचं वर्णन, रक्कम आणि तारीख एवढं त्यात असावं.

स्वतःच्या नावावर नुकताच व्यवसाय सुरू करणाऱ्याला अशा पेमेंटवर सहसा टीडीएस कापावा लागत नाही, कारण व्यक्तीच्या बाबतीत आधीच्या वर्षाची व्यवसायाची उलाढाल एक कोटीच्या वर असेल तरच तो लागतो. कंपनी किंवा भागीदारी संस्था असेल, तर रकमेची मर्यादा ओलांडल्यावर पहिल्या वर्षापासून नियम लागू होतो. हे सीएला विचारा.

आणि एक गोष्ट छोट्या व्यावसायिकांना माहीत नसते. डिझायनरची उद्यम नोंदणी असेल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार त्याचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. लेखी मुदत ठरलेली नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज मागता येतं. "माल विकला गेला की देतो" हे कारण इथे चालत नाही.

एवढेही पैसे नसतील तर?

मग लोगो काही महिने थांबू शकतो. मुक्त परवान्याच्या चांगल्या फॉन्टमध्ये नीट लिहिलेलं नाव, एक रंग आणि स्वच्छ लेबल, एवढ्यावर पहिली काही पाकिटं विकता येतात. कॅनव्हासारख्या साधनात ते स्वतः करता येतं. फक्त तिथली तयार चित्रं हजारो लोकांना उपलब्ध असतात, त्यामुळे त्यांच्या लोगोवर एकट्याचा हक्क सांगता येत नाही, हे ध्यानात ठेवा. एआयच्या चित्रांबाबतही हीच काळजी घ्या. तशीच सूचना दिली, तर जवळपास तसंच चित्र दुसऱ्यालाही मिळू शकतं.

दुसरा पर्याय असा की डिझायनरकडून फक्त दोन-तीन तासांचा सल्ला पैसे देऊन घ्यायचा. तुम्ही केलेलं लेबल त्याला दाखवायचं आणि तो सुचवेल ते बदल स्वतः करायचे.

'आता फुकट कर, पुढे नफ्यात हिस्सा देतो' हा प्रस्ताव मात्र टाळलेला बरा. हिस्सा किती, कशावर आणि कधीपर्यंत, हे लिहिलेलं नसतं, आणि व्यवसाय चालला की भांडण इथूनच सुरू होतं.

मसाला चांगला असेल तर ग्राहक दुसऱ्यांदा येतो. पहिल्यांदा त्यानं पाकीट उचलावं, यासाठी डिझाइन लागतं. आणि दहा वर्षांनीही ते पाकीट तुमचंच राहावं, यासाठी सही केलेलं एक पान लागतं. शेवटचा हप्ता देताना ते पान समोर ठेवा.